खिडकीने पचवलेला लाल दोरा

गाईच्या पोटाला खिडकी असते, हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी पशुआहार संशोधन केंद्रात एकदा जाऊन यावं. गोठ्याच्या टोकाला एक तांबूस, भारदस्त, कुणालाही भाव न देणारी गाय उभी असते. तिच्या डाव्या कुशीला बशीएवढं गोल भोक आहे आणि त्यावर जाड रबराचं झाकण. डॉक्टरांनी रीतसर शस्त्रक्रिया करून बसवलेलं. झाकण काढलं की हात थेट पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातो. गाईला त्याचं काही वाटत नाही, ती समोरचा चारा खात राहते. जे काही वाटायचं ते बघणाऱ्याला वाटतं.

या गाईचं नाव खिडकी.

केंद्राचे संचालक प्रत्येक पाहुण्याला तिच्यासमोर उभं करून सांगायचे, "आमचा कारभार किती पारदर्शक आहे, ते तुम्हीच बघा." पाहुणे वाकून बघायचे, आतून गरम, आंबूस वाफ तोंडावर यायची, आणि पारदर्शकतेविषयी पुढे कुणी काही विचारायचं नाही.

पण खिडकीच्या पोटात खरं राज्य होतं ते गवतबाईंचं. गवतबाई म्हणजे कर्बोदक विभागाच्या प्रमुख. चाळिशीला टेकलेल्या, उंच, हसताना मान मागे टाकणाऱ्या. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा कायम उजळ दिसायचा, कारण तो रोज खांद्यापर्यंत घासून धुवावा लागे. आयुष्यभर त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: खाल्लेल्याची ताकद होते कशी, आणि त्याला वेळ किती लागतो?

"साखर, पिष्ट आणि सेल्युलोज ही तीन भावंडं," त्या पाहुण्यांना सांगायच्या. "मणी तिघांचे तेच. साखर म्हणजे जवळपास सुटे मणी, गिळले की रक्तात. पिष्ट म्हणजे त्याच मण्यांची माळ, पण गाठी अगदी सैल. पावाचा तुकडा चघळत बसा, थोड्या वेळाने गोड लागतो की नाही? थुंकीने गाठी सोडवायला घेतल्या, म्हणून. आणि सेल्युलोज, म्हणजे गवत, पेंढा, कागद. तीही माळच, फक्त गाठ उलटी मारलेली. ती माणसाला सोडवता येत नाही, वाघाला येत नाही, आणि कुणाला सांगू नका, गाईलाही येत नाही."

"मग गाय गवत खाते कशी?"

"गाय भाडेकरू ठेवते."

इथे पाहुणे खिडकीकडे जरा आदराने बघायचे.

"पोटात अब्जावधी जंतू आहेत. गाय त्यांना ऊब देते, ओल देते, अन्न पुरवते, वर रवंथ करून बारीकही करून देते. ते बसून गाठी सोडवतात, साखर खातात आणि मागे आंबट पाणी ठेवतात. व्हिनेगरच्याच घराण्यातलं. ते आंबट पाणी म्हणजे गाईला मिळणारं भाडं. त्याच्यावर ती चालते, वासरू वाढवते, दूध देते. घाई मात्र चालत नाही. साखर क्षणात जाते, पीठ काही तासांत, पेंढ्याला दोन-दोन दिवस लागतात."

हे सगळं मोजायची केंद्राची पद्धत साधी होती. तळहाताएवढ्या नायलॉनच्या पिशव्या असत, विणकाम इतकं बारीक की जंतू आत जातील पण पेंढा बाहेर पडणार नाही. पिशवीत वजन केलेला नमुना घालायचा, तोंड नायलॉनच्या दोरीने आवळायचं, सगळ्या पिशव्या एका साखळीला अडकवून खिडकीच्या पोटात सोडायच्या आणि दोन दिवसांनी बाहेर काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करायचं. जे कमी भरलं ते खिडकीने पचवलं.

वजन करायचं काम मिलिग्रॅमचं.

मिलिग्रॅम हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत वजन करायचा, काचेच्या पेटीतल्या तराजूपुढे श्वास रोखून बसायचा, आणि त्याच्या खोलीत शिंकणाऱ्या माणसाशी आठवडाभर बोलायचा नाही. एकदा दवाखान्यात त्याला वजन विचारलं, तर त्याने उलट विचारलं, "श्वास घेऊन की सोडून?" वय गवतबाईंच्याच बरोबरीचं, अंगकाठी दोरीसारखी, आणि स्वभाव असा की ‘आज उकडतंय’ एवढं म्हणायलाही त्याला आधी थर्मामीटर लागे.

केंद्रातली माणसं एकमेकांची वर्गवारी कर्बोदकांच्याच हिशेबाने करायची. संचालक म्हणजे साखर: सकाळी दहाला जबरदस्त उत्साह, साडेदहाला शून्य. मिलिग्रॅम म्हणजे सेल्युलोज, यावर एकमत होतं. काहींचं मत त्याहून कडक होतं. ते म्हणायचे, हा सेल्युलोजही नाही, हा लाकूड आहे. लाकडातला टणक भाग गाईच्या जंतूंनाही पचत नाही, तो आला तसा मागच्या दाराने निघून जातो.

मिलिग्रॅमचं गवतबाईंवर प्रेम होतं, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. गवतबाईंना ते ठाऊक नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं तो रोज त्यांना नमुन्यांची वजनं वाचून दाखवायचा, आणि ज्याने ती वाचताना एकदा ऐकलं असेल त्याला दुसरा पुरावा लागत नसे. इतक्या हळुवारपणे कुणी पेंढ्याविषयी बोलत नाही.

आणि मग बातमी आली की गवतबाई चालल्या. दुसऱ्या शहरात नवं केंद्र निघालं होतं, तिथे त्या प्रमुख म्हणून जाणार होत्या. शुक्रवारी सकाळी शेवटची खेप बाहेर काढायची आणि दुपारी गाडीत बसायचं.

मिलिग्रॅमने हे घरी सांगितलं तेव्हा आई शिवणयंत्रावर होती. ती कपडे शिवायची. पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. गळ्यात टेप, भिंतीला टांगलेले अर्धे झगे, आणि यंत्राशेजारी टाचण्या सांडू नयेत म्हणून ठेवलेला एक मोठा चुंबक.

"जाणार?" आईने पायडल थांबवलं. "आणि तू काय म्हणालास?"

"अभिनंदन म्हणालो."

आईने कात्री बाजूला ठेवली. ती हातात असताना मुलाशी बोलणं तिला धोक्याचं वाटलं असावं.

"अरे, गाईच्या पोटात हात घालायला घाबरत नाहीस, आणि माणसापुढे तोंड उघडायला काय होतं तुला?"

"हात त्या घालतात. मी वजन करतो."

"तेच म्हणतेय मी! कुणी तरी हात घालायला नको का?"

ती उठली आणि बटणांच्या डब्यात तळापर्यंत चाचपून एक अंगठी काढून आणली. पिवळी, जाडसर, मधोमध बारीक वेल कोरलेली.

"तुझ्या बाबांनी मला घातलेली. दे तिला. आणि बोल."

"सोन्याची आहे ना?"

"तुझ्या बाबांनी घातलेली म्हटलं ना!"

मिलिग्रॅमने अंगठी रुमालात बांधली. दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आई, लाल दोरा आहे? पक्का?"

"बटणाचा आहे. ओढून बघ. बोट कापेल, पण दोरा तुटायचा नाही. कशाला हवाय?"

"बांधायला."

"देवा," आई म्हणाली. "हा आता तिला बांधून ठेवतोय."

पण मिलिग्रॅमचा बेत त्याहून सुरेख होता. त्यात बोलावंच लागत नव्हतं. बाहेर काढलेल्या पिशव्या गवतबाई स्वतःच उघडायच्या, एकट्या, मोरीपाशी, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. तेव्हा एका पिशवीत चिरलेल्या पेंढ्याबरोबर अंगठी ठेवायची, तोंडाला लाल दोरा बांधायचा म्हणजे ती पिशवी उठून दिसेल, आणि शुक्रवारी त्या पिशवी उघडतील तेव्हा आपण शेजारच्या खोलीत असायचं. शक्यतो दार लावून.

बुधवारी सकाळी त्याने अंगठी उकळून घेतली. गाईच्या पोटात जंतूंची वस्ती असली म्हणून आपण आपले जंतू तिकडे पाठवणं बरं नव्हे. मग तिचं वजन केलं, कारण वजन न करता काही आत सोडणं त्याला अशक्य होतं. वजन आकाराच्या मानाने जरा हलकंच भरलं. प्रेमात पडलेल्या माणसाने घनता काढत बसू नये, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि लाल दोऱ्याचे चार वेढे देऊन वर दुहेरी गाठ मारली.

"हे काय लाल?" साखळी हातात घेताना गवतबाईंनी विचारलं.

"ओळखायला सोपं जावं म्हणून."

"शेवटची खेप म्हणून नटवलीत की काय?" त्या मान मागे टाकून हसल्या आणि पिशव्यांसकट हात खिडकीच्या पोटात घातला. दोऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. मिलिग्रॅमच्या हातून कधी चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि चूक न करणाऱ्या माणसाचं काम कुणी तपासत नाही.

पुढचे दोन दिवस केंद्रात एकही वजन धड झालं नाही. तराजूचा आकडा स्थिरच होईना. मिलिग्रॅमने यंत्र तपासलं, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. शेवटी लक्षात आलं की टेबलाला टेकलेला आपला गुडघा थरथरतोय आणि तराजू इमानेइतबारे तेच मोजतोय. मग तो गोठ्यात जाऊन उभा राहायला लागला. खिडकी रवंथ करत त्याच्याकडे बघायची. गळ्यातून घास वर येताना दिसला की तो एक पाऊल पुढे सरकायचा: आता अंगठी तोंडात आली तर? चावली तर? पिशवी साखळीला आहे, ती वर येणार नाही, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असण्याचा उपयोग फक्त इतरांच्या बाबतीत होतो.

"काय मिलिग्रॅम, गाईशी गप्पा?" संचालकांनी जाता जाता विचारलं.

"निरीक्षण चाललंय, साहेब."

"वा, वा! चालू द्या. शुक्रवारी पाहणी समिती येतेय. गवतबाईंचा निरोप आणि समितीची पाहणी, एकाच वेळी उरकून टाकू. सगळ्यांसमोर पिशव्या काढायच्या, सगळ्यांसमोर उघडायच्या! एकदम पारदर्शक!"

खिडकीने ढेकर दिली.

शुक्रवारी समिती आली. समितीचे अध्यक्ष गोलमटोल होते आणि करड्या सुटात कसेबसे मावले होते. आल्याआल्या चहा झाला. चहाला दूध खिडकीचंच होतं, सकाळी काढलेलं. संचालकांनी ते तीनदा सांगितलं.

"मी कर्बोदकं पूर्ण बंद केलीत," अध्यक्षांनी बिस्किटांची बशी जवळ ओढत सांगितलं. "अंगात इतकं हलकं वाटतं म्हणून सांगू!"

"मग बिस्किटात काय असतं?" गवतबाईंनी विचारलं.

"चव," अध्यक्ष म्हणाले.

सगळी मंडळी गोठ्यात गेली. फाटकाशी गवतबाईंचं सामान भरून गाडी उभी होती आणि चालक अधूनमधून हॉर्न वाजवून आपण असल्याची आठवण देत होता. मिलिग्रॅम खांबामागे उभा होता. खांब त्याच्यापेक्षा जाड होता, ही त्याला त्या दिवशी लाभलेली एकमेव सोय.

झाकण निघालं. वाफ आली. दोन सदस्य पारदर्शकतेपासून मागे सरकले. गवतबाईंनी हात घातला आणि साखळी ओढली.

"ही साखरेची पिशवी. रिकामी. ही कधीच संपली असणार, आपण झाकण लावायच्या आत म्हणा ना. ही पिठाची, तळाला थोडंसं उरलंय बघा. ही पेंढ्याची, अजून अर्धी भरलेली. आणि ही..."

ही पिशवी तोंड आ वासून लोंबकळत होती. दोरा नव्हता. आत काहीच नव्हतं. एक काडी होती, तीही गवतबाई बघत असतानाच गळून पडली.

"मिलिग्रॅम?"

खांबामागे काहीतरी आणखी आत सरकलं.

"मिलिग्रॅम, तुमचा कोपर दिसतोय. इकडे या. हिच्या तोंडाला दोरा कुठला होता?"

"लाल."

"लाल हा रंग झाला. दोरा कसला?"

मिलिग्रॅमच्या डोळ्यांपुढून आईचा दोऱ्यांचा डबा सरकला, त्यातली रिळं सरकली, आणि रिळावरचं लेबल येऊन थांबलं. त्याचा चेहरा पेंढ्याच्या रंगाचा झाला.

"सुती," तो म्हणाला.

गोठ्यात शांतता पसरली. ही शांतता फक्त कर्बोदक विभागात पसरू शकते. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत लोकांनी विचारलं असतं, मग काय झालं? आणि अध्यक्षांनी तेच विचारलं.

"मग काय झालं?"

"कापूस म्हणजे निव्वळ सेल्युलोज, साहेब," गवतबाई सावकाश म्हणाल्या. त्यांची नजर मिलिग्रॅमवरून हलत नव्हती. "गवताहूनही शुद्ध. जगातली सगळ्यात चविष्ट माळ. ज्या माणसाने आयुष्य सेल्युलोज तोलण्यात घालवलं, त्याने पिशवीचं तोंड सेल्युलोजने बांधून ती सेल्युलोज खाणाऱ्यांच्या घरात पाठवलीय. म्हणजे दाराला बिस्किटाचं कुलूप लावून तुम्हाला आत सोडण्यासारखं आहे."

"समजलं," अध्यक्ष म्हणाले. त्यांना फारच नीट समजलं होतं.

"आत काय होतं, मिलिग्रॅम?"

"नमुना."

"कसला?"

"धातूचा."

"कर्बोदकांच्या प्रयोगात धातू?"

"गोल होता," मिलिग्रॅम म्हणाला, जणू त्याने प्रकरण जरा सौम्य होईल.

"अहो, गोल म्हणजे काय गोल? खिळा? वॉशर? माझ्या गाईच्या पोटात काय सोडलंत तुम्ही?"

"अंगठी."

"कुणाची?"

"तुमची," मिलिग्रॅम म्हणाला. मग अचूकतेची सवय उफाळून आली आणि त्याने दुरुस्ती केली, "म्हणजे, अजून नाही."

फाटकाशी हॉर्न वाजला. संचालकांनी आधी समितीकडे, मग गाईकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "हा आमच्या नियोजित कार्यक्रमाचाच भाग आहे!"

गवतबाईंनी बाही आणखी वर सारली, खिडकीच्या कुशीला गाल टेकवला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"पेंढा," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "हा पेंढा. हाही पेंढा. पाणी. पेंढा."

"मी बघू?" अध्यक्षांनी कोट काढलासुद्धा. त्यांच्या डोळ्यांत लहानपण उतरलं होतं. गवतबाईंनी हात काढून जागा दिली, हातमोजा दिला. अध्यक्षांचा हात आत गेला आणि ते किंचाळले, "हलतंय! काहीतरी हलतंय!"

"ते पोट आहे. ते हलतं."

"केवढं गरम आहे हो! आणि हे सगळं नुसत्या गवतावर?"

"नुसत्या कर्बोदकांवर, साहेब. बंद केली असती तर मेली असती."

अध्यक्षांनी हात काढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले.

"चुंबक लावा ना!" एका सदस्याने सुचवलं. "मी वाचलं होतं, गाईच्या पोटात चुंबक असतो म्हणून."

"आहे. चाऱ्यातून खिळे, तारा जातात, त्या धरून ठेवायला दुसऱ्या कप्प्यात टाकून ठेवलाय," गवतबाई म्हणाल्या. "पण सोनं चुंबकाला चिकटत नाही."

"का?"

"स्वभाव." त्यांनी पुन्हा हात आत घातला, या वेळी पुढच्या बाजूला, जिथे पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात उतरायला वाट आहे. "जड वस्तू इथेच येऊन पडते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंत असते, खाचाखाचांची. सोन्याची अंगठी त्यात एकदा रुतली की गाईच्या आयुष्यभर निघायची नाही. मिलिग्रॅम, खिडकीला त्रास झाला ना तर मी तुम्हाला..."

"मी उकळून घातली होती," मिलिग्रॅम केविलवाणं म्हणाला.

"काही लागत नाही हो. नुसता चुंबकच हाताशी येतोय. तो आधी बाहेर काढते, म्हणजे नीट चाचपता येईल."

त्यांनी चुंबक बाहेर काढला. बोटाएवढा जाड, काळा, आणि अंगावर लोखंडाचं झुडूप उगवलेला: तारांचे तुकडे, दोन खिळे, छत्रीची मोडकी काडी, एक टाचणी, आणि या सगळ्यांच्या वर, शेवाळलेल्या हिरव्या लाळेत चमकणारी, मधोमध वेल कोरलेली पिवळी अंगठी.

"सापडली!" संचालक ओरडले. समितीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी मिलिग्रॅमला मिठी मारली, आणि तो त्यांच्या पोटाआड क्षणभर दिसेनासा झाला.

केंद्रातली माणसं शिकलेली होती, त्यामुळे आनंद फार टिकला नाही. एकेकाच्या चेहऱ्यावरचं हसू मंदावलं. सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच वाक्य फिरत होतं आणि ते मोठ्याने म्हणायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी ते मिलिग्रॅमनेच म्हटलं. कारण चूक तर चूक, पण चुकीचं निरीक्षण त्याला सहन होत नसे.

"चिकटलीय," तो म्हणाला. "म्हणजे सोन्याची नाही. वरून मुलामा. आत लोखंड."

त्याने चुंबकावरून अंगठी ओढून काढली, रुमालात धरली आणि जमिनीकडे बघत राहिला.

"बाबांनी घातलेली, म्हणाली होती आई. वजन हलकं भरलं होतं, मॅडम. मला कळायला हवं होतं. मी समजलो, तराजूची त्रुटी." जन्मात त्याने तराजूला दोष दिला नव्हता. "मला माफ करा. तुमची गाडी थांबलीय."

आणि इथे गवतबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग मान मागे गेली, मग त्यांना खिडकीच्या पाठीचा आधार घ्यावा लागला. हिरवा, ओला हात हवेत तसाच.

"अहो, सोन्याची असती तर सापडली असती का?" त्यांनी डोळे पुसायला डावा हात वापरला. "सोन्याची असती तर जन्मभर खिडकीच्या पोटात राहिली असती, आणि तुम्ही जन्मभर तिच्याकडे बघत गोठ्यात उभे राहिला असता! अख्ख्या दुनियेत ही एकच अंगठी होती जी परत आली असती. आणि ती तुम्ही निवडलीत!"

"आईने निवडली."

"बरं, आईंनी. आता प्रश्न काय होता?"

"कुठला?"

"अंगठीबरोबर प्रश्न असतो, मिलिग्रॅम. तो काही खिडकीने खाल्लेला नाही. तो तुमच्याच पोटात आहे. बाहेर काढा."

मिलिग्रॅमने श्वास रोखला. सगळ्यांनीच रोखला. हॉर्न वाजला आणि संचालकांनी फाटकाच्या दिशेने "अरे, गप रे!" अशी गर्जना केली. मिलिग्रॅम उभा होता, गाल फुगलेले, कान लाल, अगदी तराजूपुढे असायचा तसा.

"श्वास सोडा," गवतबाई हळूच म्हणाल्या.

"माझ्याशी लग्न कराल का?" एका श्वासात, एका दमात, एकही दशांश न लावता.

"हो."

खिडकीने पुन्हा चारा खायला घेतला.

"पण तुम्ही तर जाताय," मिलिग्रॅम म्हणाला.

"जातेय. तुम्ही पण येताय. नव्या केंद्राला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, वजनाला माणूस मी घेऊन येणार. ते म्हणाले, कोण? मी म्हटलं, पचन चालू आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही पेंढ्याची वजनं वाचून दाखवायचात मिलिग्रॅम. आंधळ्यालाही कळलं असतं. माझं सगळं आयुष्यच वाट बघण्यात गेलंय, मला सवय आहे. फक्त आज सकाळी गाडी दारात आली ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की लोक म्हणतात तेच खरं. हे लाकूडच निघालं."

"सेल्युलोज," मिलिग्रॅमने दुरुस्त केलं.

"आता माझी खात्री पटली. जा, ती धुऊन आणा. आणि पुन्हा वजन करू नका!"

दुपारी गाडी निघाली ती आधी मिलिग्रॅमच्या घरापाशी थांबली. आईने दार उघडलं, गवतबाईंच्या बोटाकडे पाहिलं, आणि हातातलं शिवण तसंच टाकून त्यांना जवळ ओढलं. मग सगळी हकीकत ऐकली. चुंबकाचा भाग आला तेव्हा मिलिग्रॅम चाचरला.

"आई, एक सांगायचंय. ती अंगठी..."

"लोखंडाची. माहितेय मला. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी या चुंबकावरून टाचण्या गोळा करत होते, हातच चिकटला माझा."

"मग बाबांना सांगितलं नाहीस?"

"कशाला? सोनाराने त्यांना फसवलं होतं. त्यांनी मला थोडंच फसवलं?"

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू खरी आणायला निघाला असतास, आणि अजून दुकानात वजन बघत बसला असतास." तिने गवतबाईंकडे वळून विचारलं, "पण माझा दोरा कुठाय गं? पक्का होता तो. अजून अर्धं रीळ बाकी आहे."

"खिडकीने खाल्ला, आई."

"दोरा खाल्ला?"

"पक्का होता म्हणून तर थोडा वेळ टिकला, नाहीतर कधीच सुटला असता. जंतूंनी गाठी सोडवल्या, त्याचं आंबट पाणी झालं, ते रक्तात गेलं, आणि थोडा तरी आज सकाळच्या दुधात उतरला असणार."

"अगं बाई! आणि ते दूध?"

"समितीच्या चहात गेलं. अध्यक्षांनी दोन कप घेतले. कर्बोदकं बंद आहेत त्यांची."

आई इतकी हसली की तिचा हात आपटून चुंबक उलटला आणि टाचण्या खोलीभर झाल्या. तिघंही खाली बसून त्या वेचायला लागली. गवतबाईंनी हात वर केला तेव्हा अंगठीला एक टाचणी लोंबकळत होती. चुंबकाच्या अंगाला अंग लावून पोटात मुक्काम केल्यावर अंगठीलाही थोडी ओढ लागली होती.

गवतबाई ती काढायला गेल्या.

"राहू दे गं," आई म्हणाली. "चांगलं धरून ठेवते."

मिलिग्रॅमने वाकून टाचणीकडे नीट निरखून पाहिलं. तिचं वजन किती असेल, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने श्वास सोडला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला. रात्रीच्या जेवणापर्यंत तो बोलायचा थांबला नाही.